एकच ठसा, दोन तबकड्या

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मराठी राज्य व्हावं म्हणून वडील सायकलवर पत्रकं वाटत हिंडले होते. राज्य झाल्यावर उरलेले गठ्ठे त्यांनी पत्र्याच्या पेटीत भरून ठेवले आणि मी अक्षरं त्याच गठ्ठ्यांवर गिरवली. शाळेत गाईवर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा माझं पहिलं वाक्य 'बंधूंनो, जागे व्हा' असं होतं. गुरुजींनी त्याखाली लाल शाईने लिहिलं, 'गाय कुठे आहे?'

बाविसाव्या वर्षी मी स्वतःचं पत्रक काढायला लागलो. एकच पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं. बुलढाण्याच्या एका लहान छापखान्यात टाइपाचे खिळे मी स्वतः जुळवायचो, आणि बाजाराच्या दिवशी धाड गावात एस.टी. स्टँडसमोर उभा राहून ते वाटायचो. वाटण्याआधी चार शब्द बोलायचो. माणसं जमवायचं काम लाउडस्पीकरवाल्या काकांचं होतं. काकांचं दुकान स्टँडसमोरच होतं. लग्नाला, कीर्तनाला, सभेला भोंगे आणि मंडप ते भाड्याने द्यायचे. माझ्याकडून मात्र काही घ्यायचे नाहीत. 'तुह्या बापाची सायकल म्याच दुरुस्त करत होतो,' एवढंच म्हणायचे.

माणसं जमवायला काका एक इंग्रजी रेकॉर्ड लावत. औरंगाबादच्या एका दुकानातून नव्याकोऱ्या रेकॉर्डींच्या ढिगाबरोबर ती आली होती. चार केसाळ पोरांचा फोटो वरच्या पुठ्ठ्यावर, आत काळी मोठी तबकडी. रॉक म्हणतात त्या जातीचं संगीत. त्यातला एक शब्द कुणाला कळत नव्हता. पण पहिलं गाणं सुरू व्हायचं ते ढोलाच्या आणि गिटारीच्या दणक्याने, आणि तो भोंग्यातून निघाला की बाजारातले बैलसुद्धा माना वर करत. दणका संपला की काका पिन उचलत आणि मी 'बंधूंनो' म्हणत असे.

एकदा पाटलांचा मुलगा सुट्टीला गावी आला होता. तो पुण्याला शिकत होता. दुकानात उभ्या उभ्या त्याने ती तबकडी पाहिली, उलटी केली, लेबल वाचलं आणि हसला.

'काका, ही तर देशी छाप हो. कलकत्त्याकडची. खरी ऐकायची तर विलायती ऐका. हिच्यात अर्धा आवाज वाटेतच सांडलेला असतो.'

काका म्हणाले, 'सांडला असंल बाप्पा. आपल्याकडं रस्तेच तसे हायेत.'

काका हसले, पण मला राग आला. पुढच्या पत्रकात मी लिहिलं, 'तीच गाणी, तोच ठसा, तोच आवाज. तसूभर फरक नाही. फरक आहे तो गुलामीची सवय न सुटलेल्या कानांत.' विलायती तबकडी मी ऐकली नव्हती. ऐकायची गरजही वाटली नव्हती. वाक्य चांगलं जुळलं होतं.

पुढच्या बाजारी पाटलांचा मुलगा पत्रक हातात घेऊन दुकानात आला.

'संपादकसाहेब, विलायती ऐकलीत का तुम्ही?'

'नाही.'

'मग लिहिलंत कशावरून?'

दुकानात चारपाच माणसं होती. मी म्हणालो, 'तू आण. समोरासमोर लावू. मी चुकलो असेन तर याच पत्रकात, याच जागी, याच टायपात छापीन की मी चुकलो.'

'छापशील?'

'छापीन.'

काका म्हणाले, 'छापते तो. त्याचा बाप पण असाच होता. म्हणूनच त्याची सायकल नेहमी पंक्चर राहे.'

दिवाळीच्या सुट्टीत त्याने ती आणली. एका मित्राच्या भावाने परदेशातून आणलेली, तान्ह्या मुलाला दुपट्यात गुंडाळतात तशी सदऱ्यात गुंडाळलेली. मी ती उजेडाकडे धरली. हातात ती जरा जड वाटली आणि पुठ्ठाही जाड होता. मग मला एक गोष्ट दिसली. गाणी संपतात तिथे, लेबलाच्या भोवती, एक गुळगुळीत पट्टी असते. त्या पट्टीवर सुईने खरडल्यासारखे बारीक आकडे होते. मी आमची तबकडी आणून बाजूला धरली. तेच आकडे, तसेच तिरके, शेवटचा सात तसाच शेपूट लांबवलेला.

'एकाच हाताने खरडलेत,' मी म्हणालो. 'ठसा एकच आहे.'

माझं पत्रक खरं ठरत होतं. पण मी छापखान्यात हात काळे केलेला माणूस. एकाच फर्म्यातून एक प्रत चांगल्या कागदावर निघते आणि एक रद्दी कागदावर, हे मला रोज दिसत होतं. ठसा एक असला म्हणजे छपाई एकच होते असं नाही. हा विचार मला तिथे, त्या क्षणी आला, आणि मी तो बोललो नाही.

भोंग्यावर सगळंच सारखं कर्कश वाजतं, म्हणून काकांनी कीर्तनासाठी ठेवलेला लाकडी डब्यातला स्पीकर काढला. कोणती तबकडी लागली ते दिसू नये म्हणून मंडपाच्या सामानातला अंतरपाट दोरीवर टांगला. त्यामागे मशीन आणि काका. इकडे मी, पाटलांचा मुलगा आणि काकू. काकूंना यात काहीच घेणंदेणं नव्हतं. त्या तिथे सुपात तूर निवडत बसल्या होत्या, म्हणून त्यांना पंच केलं.

पडद्यामागून काकांनी पहिलं गाणं लावलं. मग दुसऱ्या तबकडीवर तेच गाणं.

काकू सुपातून मान वर न करता म्हणाल्या, 'पयली आपली. दुसरी पाव्हण्याची.'

'कशावरून?' मी विचारलं.

'आपली घसा बसल्यावानी गाते.'

काकांनी क्रम बदलून पुन्हा लावलं. पुन्हा काकूंनी ओळखलं. पाटलांच्या मुलानेही ओळखलं, आणि खोटं कशाला सांगू, मीही ओळखलं. आमच्या तबकडीत गिटारीच्या मागे सतत खरखर होती, चाळणीतून वाळू पडावी तशी. दुसरीत गिटार एकटीच होती, अगदी जवळ, कुणी अंतरपाटामागे बसून वाजवावी तशी.

'खिळे जुळवायला लागा साहेब,' पाटलांचा मुलगा म्हणाला.

चारची गाडी होती बुलढाण्याला. मी उठलो, वाक्य मनात जुळवत होतो, आणि निरोप घ्यायला अंतरपाटामागे गेलो. तिथे पिनेच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवलेलं होतं, मेणाने चिकटवलेलं.

'काका, हे काय?'

'ते असतेच. नाई ठेवलं तं पिन उडते. बाजारात हातगाडीवर मशीन हालते ना.'

'विलायतीवर पण ठेवलं होतं?'

'हे छोटे पाटील मले पयलेच म्हणले, नाणं ठेवसान तं खबरदार. म्हणून त्याच्या तबकडीले काढून राह्यलो.'

मी परत बसलो. चारची गाडी जाऊ दे म्हटलं. नाणं काढून दोन्ही पुन्हा लावायला सांगितल्या.

खरखर होतीच.

'नाण्याचा बहाणा गेला,' पाटलांचा मुलगा म्हणाला.

पण काकूंनी सूप खाली ठेवलं होतं. 'मले एक सांगा,' त्या म्हणाल्या. 'हे पयल्या गाण्यातच काऊन घसा बसते याचा? मंघाशी पुढचं थोडं वाजलं, तवा तं चांगली गात होती.'

मग मी काकांकडे पाहिलं. काका तबकडीकडे पाहत होते.

'पयलंच तं वाजवतो मी,' ते सावकाश म्हणाले. 'तेबी सुरुवातीचंच. नाणं ठेवून. दर बाजाराले.' मग तबकडी माझ्यापुढे धरून म्हणाले, 'तुह्याच सभेले तं वाजवतो बे जास्त.'

तबकडी मी पुन्हा उजेडाकडे धरली. आता दिसलं ते. कडेची बोटभर पट्टी राखेसारखी करडी झाली होती आणि आतला भाग शाईसारखा काळाभोर होता. ती खरखर कलकत्त्याची नव्हती. ती माझ्या सभांची होती. जितक्या वेळा मी 'बंधूंनो' म्हणालो, तितक्या वेळा ती पिन चार आण्याचं ओझं घेऊन त्याच खाचेतून गेली होती. झिजलेल्या खिळ्यांनी छापलेलं पान दाखवून टाइप मुळातच वाईट होता असं म्हणणाऱ्या माणसासारखे आम्ही सगळे तिथे बसलो होतो.

'दुसरी बाजू कधी वाजवली काका?'

'एकबी खेप नाई. औरंगाबादवाला म्हणे तिकडली गाणी मरगळलेली हायेत. माणूस जमणार नाई त्याच्यावर.'

मग आम्ही दुसरी बाजू लावली, बिननाण्याची, कापडाने पुसून. सहादा लावली. पाटलांचा मुलगा डोळे मिटून बसला आणि तीनदा चुकला. काकू म्हणाल्या, 'दोन बहिणी हायेत, पण मोठी कोणती ते काई सांगता येत नाई.' सहाव्या वेळेनंतर त्याने हात वर केले. तो प्रामाणिक होता, हे मला सांगितलंच पाहिजे. 'बरं बाबा,' तो म्हणाला, 'नाही ओळखता येत. तुझं खरं.'

काका बाहेर आले, चहा सांगायला निघाले. सगळं मिटलं होतं. आणि मी गप्प होतो, कारण मला ओळखता आलं होतं. सहाही वेळा.

गाण्यात नाही. गाण्यात मलाही फरक सापडला नव्हता, फार तर झांजा एका तबकडीत जरा लखलखीत वाटल्या, पण ते मनाचेही खेळ असतील. फरक दोन गाण्यांच्या मधे होता. एक गाणं संपून दुसरं सुरू होण्याआधी जी रिकामी जागा असते, तिथे विलायती तबकडी अगदी गप्प असायची. आमची गप्प नसायची. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब लांबून ऐकू यावा, तेवढं काहीतरी तिथे चालू असे. ती खाच कधी वाजलेली नव्हती, त्यावर नाणं कधी बसलेलं नव्हतं. म्हणजे तो थेंब जन्मापासूनचा होता. कागदात भुसा राहून जातो तसं काहीतरी, तबकडी ज्याची बनते त्या मसाल्यातच राहून गेलं असेल. कसं, ते मला आजही नक्की माहीत नाही. शोधतो आहे.

मी बोललो नसतो तर कुणाला कळलं नसतं. मी चहा अर्धा प्यालो. पत्रकात मी लिहिलं होतं, तसूभर फरक नाही. आणि हा फरक तसूहून लहान होता, असं मी स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. लोकांच्या वाक्यांत असली पळवाट सापडली की मी ती ठळक टाइपात छापत आलो होतो.

'गाणी ऐकू नको,' मी पाटलांच्या मुलाला म्हणालो. 'गाण्यांच्या मधे ऐक.'

पुन्हा अंतरपाट, पुन्हा काका मागे. त्याने कान स्पीकरजवळ नेला. पहिल्या तबकडीला कपाळाला आठी घातली. दुसरीला माझ्याकडे पाहिलं.

'तू जिंकला होतास की,' तो म्हणाला.

काकू म्हणाल्या, 'याले कोनं सांगितलं होतं बोलायले? सुखानं च्या पेऊन गाडीत बसला असता.'

काका पडद्यामागून म्हणाले, 'त्याच्या बापाले बी असंच कोनं सांगत नव्हतं.'

पाचच्या गाडीने मी बुलढाण्याला गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिळे जुळवले. त्याच जागी, त्याच टायपात. 'मी चुकलो. न ऐकता लिहिलं. दोन तबकड्यांत फरक आहे. तो मी लिहिलं होतं त्याहून मोठा आहे आणि पाटलांच्या मुलाला वाटला होता त्याहून लहान आहे. मोठा फरक आम्ही स्वतः पाडला, चार आण्याचं ओझं ठेवून.' प्रूफ पाहून छापखान्याचे मालक म्हणाले, 'याच्यात माणसाने जागं कशासाठी व्हायचं?' मी छापा म्हटलं.

बाजाराच्या दिवशी काकांनी मशीन गाडीवर लावलं, तबकडी ठेवली आणि सवयीने नाणं चिकटवलं. मग माझ्याकडे पाहून काढलं आणि खिशात टाकलं. दणका सुरू झाला, गाडी हलली, पिन टुणकन उडाली आणि भोंग्यातून एक विचित्र किंकाळी निघाली. लोक हसले. काकांनी पुन्हा ठेवली, पुन्हा उडाली. तेवढ्यात नेहमीपेक्षा निम्मीच माणसं जमली होती. मी 'बंधूंनो' म्हटलं नाही. पत्रकं वाटली.

एका भाजीवाल्याने पत्रक घेतलं. एरवी तो माझ्या पत्रकाची मिरच्यांसाठी पुडी करायचा. या वेळी त्याने शेजारच्या पोराकडून ते वाचून घेतलं, सगळं, आणि मला हाक मारली.

'काय चुकलं म्हणता तुमचं?'

तोवर माझ्या पत्रकाबद्दल कुणी मला काही विचारलं नव्हतं. मी त्याला तबकड्या सांगितल्या, अंतरपाट सांगितला, तव्यावरचा थेंब सांगितला. त्याने मिरच्यांवर पाणी शिंपडत सगळं ऐकून घेतलं.

'असं व्हय,' तो म्हणाला. 'मंग ते मधलं वाजवा ना. आमी बी पाह्यतो ऐकू येते का.'

मी काकांकडे वळलो. काका आधीच तबकडी उलटी करत होते.