आबांचा उतारा

आमच्या बॅचचे लोक भेटले की किस्से निघतात. बेसिनमध्ये न धुतलेल्या टेस्ट ट्यूब साचाव्यात तसे साचलेत. आणि धुवायच्या आपल्यालाच, हे एव्हाना माहीत झालंय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीला. गारगोटीजवळच्या आमच्या गावात या शब्दाचा अर्थ फक्त मला ठाऊक होता, आणि मलाही परीक्षेपुरताच! गावी गेलो की बायका डोकेदुखीची गोळी मागायला यायच्या. "केमिस्ट झालास न्हवं?"

माझे वडील, आबा, तेवढ्यावर फसणारे नव्हते. ऊस पिकवणारा माणूस, त्यांना सरळ उत्तर हवं. "हे शिकून माणूस हुतो कोन? दिवाळीपतोर मला समजंल असं सांग. न्हायतर मामाच्या खताच्या दुकानात बस!"

एन्झाइम सांगून झालं, प्रोटीन सांगून झालं. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं. पर हुतो कोन?" शेवटी मीच थकलो.

*

सुट्टीत ट्रेनिंग सक्तीचं. पहिलं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. सोबत शिवाजी पेठेतला माझा दोस्त इक्बाल. त्यानं तिथल्या केमिस्टसाहेबांना अदबीनं विचारलं, "सर, आम्ही नेमकं काय बघायचं?"

साहेबांनी बाटल्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "बघायचं काय त्यात? धुवा की!"

महिनाभर धुतल्या. तिथं शब्द एकच, उतारा. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, तो उतारा. साडेबारा पडला की पेढे, अकरावर आला की शिव्या. शनिवारी गावी गेलो की आबा तेवढंच विचारायचे, "उतारा किती?" तेवढ्यापुरता मी शिकलेला ठरायचो.

*

दुसरं ट्रेनिंग दूध डेअरीत. एका आजोबांच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला, तो पार तळाला गेला. म्हटलं, "आजोबा, यात पाणी आहे."

"आसंल की," आजोबा शांतपणे म्हणाले. "म्हस पानी पिती न्हवं?"

इक्बालनं रिपोर्टात कारण लिहिलं : म्हैस तहानलेली!

*

तिसरं ट्रेनिंग शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. सकाळी साखर तपासायला आलेल्यांना आधी विचारायचं, "उपाशी आलाय ना?"

एक काकू म्हणाल्या, "व्हय की, कडक उपास हाय! शाबूची खिचडी आन् दोन केळी, दुसरं तोंडात कायबी न्हाय."

"असं चालत नाही," म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी हसत आल्या. "आज उपास धरलाच न्हाय. मिसळ खाऊनच आले!"

इक्बाल आत जाऊन पोट धरून हसला. मला हसायलाही त्राण नव्हतं. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती, आणि आबांना द्यायला उत्तर अजून नव्हतंच.

*

त्याच आठवड्यात आबा लॅबच्या दारात उभे. सारखी तहान लागायची, वजन उतरलं होतं. आईनं पहिल्या एसटीला बसवून पाठवलं होतं, तेही खरोखरच्या उपाशीपोटी.

टेक्निशियनबाईंनी रक्त काढलं, तपासलं मी. आकडा बघून पुन्हा तपासलं. मग तिसऱ्यांदा.

बाहेर आलो तर आबा बाकावर, पेशंटांच्या रांगेत. "एवढा येळ काय बघत हुतास रं?"

"साखर, आबा. तुमच्या रक्तातली."

"रक्तातनं साखर काढतोस तू?" त्यांनी माझ्या पांढऱ्या कोटाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मग आदी सांगायचं न्हाईस व्हय! किती पडली?"

"तीनशे बारा."

"आन् बाकीच्यांची?"

"शंभराच्या आतबाहेर. आबा, ऐका..."

पण आबा ताठ बसले होते. शेजारच्या माणसाच्या मांडीवर थाप मारून, अख्ख्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"ऐकलंसा का पावणं? उतारा तीनशे बारा! आमच्या पोरानं काढलाय!"