दोन-शून्यवरून जिंकलेली मॅच

एका मित्राने भरवशाने सांगितलेली गोष्ट मी त्याच्याविरुद्ध वापरली आणि मॅच जिंकली. पुढे वीस-बावीस वर्षं तीच मॅच मनोबलाचं उदाहरण म्हणून लोकांना सांगत फिरलो. ही माझी चूक. हे आधीच लिहून टाकतो, कारण प्रस्तावना करायला बसलो की मी पळवाटा काढतो. आताही काढेन. वाचणाऱ्याने लक्ष ठेवावं.

मी स्क्वॉश खेळायचो. व्यावसायिक म्हणावं इतपत. चार वर्षं स्पर्धांमागे फिरलो. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चार भिंतींची बंद खोली, दोन माणसं, मुठीत मावेल एवढा रबरी बॉल. एकाने तो समोरच्या भिंतीवर मारायचा, दुसऱ्याने दुसरा टप्पा पडायच्या आत परत मारायचा. मध्ये जाळी नसते. दोघं एकाच जागेत, एकमेकांचा श्वास ऐकत. समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी असते, तिला बॉल लागला की गुण गेला. आणि थंड बॉल उसळत नाही. तो मारून मारून तापवावा लागतो.

आमचं कोर्ट छावणीकडच्या एका जुन्या क्लबात. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या काळात, कुणा अधिकाऱ्यांनी बांधलेलं, नंतर बरीच वर्षं कुलपात पडलेलं. ते उघडलं तेव्हापासून माझ्या त्या मित्राच्या घरचेच लोक मार्कर होते, आधी आजोबा, मग अब्बा. मार्कर म्हणजे कोर्ट झाडणारा, बॉल तापवून देणारा, एखादा मेंबर एकटाच आला तर त्याच्याशी खेळणारा आणि शक्यतो थोडक्यात हरणारा. माझे वडील करमाडचे. शेती भावांवर सोपवून शहरात नोकरीला आले आणि कंपनीमुळे क्लबाचे मेंबर झाले. म्हणजे मी पुढच्या दाराने यायचो, तो मागच्या. पण कोर्टाचं दार एकच होतं, आणि आम्हा दोघांना रॅकेट धरायला शिकवलं ते त्याच्या अब्बांनीच. मी त्यांना चाचा म्हणायचो.

तो माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. हे वाक्य मी कुठल्याही भाषणात कधी उच्चारलेलं नाही.

सरावानंतर आम्ही माझ्या स्कूटरवर क्रांती चौकात चहाला जायचो. मुंबईच्या एका स्पर्धेला जाण्याआधीच्या आठवड्यातली गोष्ट. मी त्याला सहज विचारलं की दोन गुणांच्या मध्ये तू इतकी घाई का करतोस, सर्व्हिस करायला असा का धावतोस. तो ग्लासातल्या चहाकडे बघत बसला. मग म्हणाला, "रॅली चालू आहे ना, तोवर मी नसतोच रे. हात खेळतो, पाय खेळतात. थांबलं की मी येतो."

"येतो म्हणजे?"

"म्हणजे डोक्यात बडबड सुरू. जिंकलो तर काय, हरलो तर अब्बांना मेंबर लोक काय म्हणतील. लई बोलतो मी स्वतःशी. म्हणून थांबूच द्यायचं नाय." ग्लास खाली ठेवून म्हणाला, "तुला म्हणून सांगितलं. अब्बांनाही माहीत नाय हे."

मीही माझी भीती सांगितली. पण निवडून सांगितली, जिने माझं काही बिघडणार नाही अशी. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता येतं.

मुंबईत पात्रता फेरीच्या शेवटच्या मॅचला आम्ही दोघंच समोरासमोर आलो. जिंकणारा मुख्य स्पर्धेत जाणार होता. आमच्या कोर्टावरून तोवर कुणीच तिथपर्यंत पोचलेलं नव्हतं. पाच गेमची मॅच, अकरा गुणांचा गेम. पहिले दोन त्याने घेतले. मी वाईट खेळत नव्हतो. तो तिथे नव्हताच, फक्त त्याचे हातपाय खेळत होते, आणि त्यांच्यापुढे माझं काही चालत नव्हतं. तिसऱ्या गेममध्ये मी आठ-पाचने मागे पडलो आणि मला क्रांती चौकातला तो चहा आठवला.

आठवला असं लिहिलं. हे खरं नाही. तो सकाळपासून माझ्या डोक्यात होता. मी फक्त वापरायचा की नाही हे ठरवत होतो.

मग मी खेळ थांबवायला लागलो. घामेजलेला तळहात भिंतीला पुसणं सगळेच खेळाडू करतात. मी दोनदा पुसायचो, चारदा पुसायचो. रेफरीला स्कोअर विचारायचा. बॉल फुटलाय का बघा म्हणायचं. जमिनीवरचा घामाचा थेंब दाखवायचा. तो वाटेत आला म्हणून गुण पुन्हा खेळवा असं मागायचं आणि नाकारलं की हुज्जत घालायची. यातलं काहीही नियमाबाहेर नव्हतं. नऊ-सातला मी खाली वाकलो, पाठ त्याच्याकडे केली, घट्ट बांधलेली बुटाची लेस स्वतः सोडली आणि सावकाश पुन्हा बांधली. मागे तो रॅकेट बुटावर आपटत होता. टक, टक, टक. तो आवाज ऐकून मला कळलं की तो आला.

पुढचा फटका त्याने पत्र्यात मारला. त्याच्या पुढचाही. पत्र्याचा तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल, ताट पडल्यासारखा असतो. मी तो गेम जिंकला आणि मग पुढचे दोनही.

हात मिळवताना तो म्हणाला, "तेरा मन पक्का है यार. माझंच कच्चं निघालं." परतीच्या बसमध्ये त्याने मला खिडकीची जागा दिली. घरी जाऊन चाचांनाही त्याने हेच सांगितलं. चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी ती घेतली.

त्यानंतर तो अजून दोन स्पर्धा खेळला. दोन्हीकडे पुढे होता, दोन्हीकडे हरला. आता कुणी मुद्दाम थांबवायची गरजच उरली नव्हती. पुढे गेला की त्याला आपलं मन कच्चं असल्याचं आठवायचं. चाचांची नजर अधू झाली तेव्हा तो त्यांच्या जागी मार्कर झाला. पहिल्या दिवशी कोर्ट झाडताना तो मला "सर" म्हणाला. मी म्हटलं, काय हे. म्हणाला, मेंबर आहात ना. मी हसलो. त्याला तिथेच अडवायला हवं होतं.

माझं काय झालं? मी मुख्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो. पुढे काही चांगले विजय मिळाले, वर्तमानपत्रात फोटो आला. पण कोर्टावर कुणीही थांबलं, समोरचा साधा नॅपकिन घ्यायला गेला तरी मला ते टक-टक ऐकू यायचं. भिंतीला हात पुसायचं मी सोडूनच दिलं. रॅकेट हातातून निसटायची, पण पुसायचो नाही. चार वर्षांत संपलं. मग कंपनीच्या ट्रेनिंग विभागात लागलो आणि लोक भाषणाला बोलवायला लागले. विषय ठरलेला, यशामागचं मन. शेंद्र्याचे कारखाने, सिडकोतल्या शाळा, जालन्याचं कॉलेज. सगळीकडे मी ती दोन-शून्यची गोष्ट सांगायचो. आठ-पाचला मी डोळे मिटले, श्वास मोजला, स्वतःला म्हणालो की अजून संपलेलं नाही, वगैरे. यातलं काहीच घडलं नव्हतं. टाळ्या पडायच्या आणि मी घाम पुसायचो.

भाषणाच्या दिवशी मला एका जागी बसवत नसे. बायको म्हणायची, "लोकांना शांत राहायला शिकवून येता आणि घरी घिरट्या घालता. अहो, बसा की जरा." मी बसायचो, पाय हलत राहायचा. ती गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवायची. हात काढला की पुन्हा सुरू.

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. दर काही महिन्यांनी ठरवून कोर्टावर जायचो आणि रॅकेटची ग्रिप बदलून परत यायचो. एका ईदला तर वाक्यं पाठ करून त्याच्या घरी शहागंजला गेलो. शीरखुर्म्याच्या दोन वाट्या खाल्ल्या, चाचांच्या पाया पडलो, निघताना त्याला म्हणालो, तुझ्याशी एकदा बोलायचंय. तो म्हणाला, बोला ना सर. मी म्हणालो, कोर्टाच्या दिव्यांचं बघायला पाहिजे.

त्याची मुलगी आता सोळा वर्षांची आहे. तिचा फोरहँड बघताना मला त्रास होतो, इतका तो त्याचा आहे. गेल्या हिवाळ्यात पुण्याला राज्याची निवड स्पर्धा होती. तिचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी कोर्टावर पोचलो तेव्हा बापलेकीचं वाजलेलं होतं. ती बाकावर तोंड फुगवून रॅकेटला ग्रिप गुंडाळत होती, तो झाडू घेऊन उभा होता. तो पाठवायला तयार नव्हता.

"सर, तुम्हीच सांगा हिला," तो म्हणाला. "माझं ऐकत नाय."

"अंकल, मी दोनदाच हरले," ती म्हणाली. "दोनदा तर कुणीपण हरतं."

"दोन्ही टायमाला पुढं होतीस तू."

तो माझ्याकडे वळला. "आमच्या घरातच आहे ते. हात माझा, पाय माझे, मनही माझंच घेऊन आली पोरगी. मी भोगलं ते हिनं कशाला भोगायचं? आपल्या कोर्टावर खेळेल, खूश राहील. तुमची ती गोष्ट सांगा तिला, दोन-शून्यची. म्हणजे कळेल तिला, हे ज्याच्यात असतं त्याच्यातच असतं."

म्हणजे आता त्या मुलीला घरी बसवण्यासाठी माझीच गोष्ट लागणार होती.

मी उभा राहिलो. बसलो. पुन्हा उभा राहिलो. मग सवयीने सुरुवात केली, मी दोन-शून्यने मागे होतो आणि समोर माझा जिवलग मित्र होता. भाषणात इथे मी थांबतो, लोक पुढे सरसावतात. तीही सरसावली. आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडातून निघेना. तिच्या हातातली ग्रिप थांबली.

मग मी खरं सांगितलं. चहापासून सांगितलं. भिंतीला पुसलेले हात, रेफरीशी घातलेली हुज्जत, लेस. तिच्याकडे बघून सांगितलं, कारण त्याच्याकडे बघणं जमत नव्हतं. संपलं तेव्हा त्याने झाडू भिंतीला टेकवला, रॅकेट उचलली आणि कोर्टात जाऊन दार लावून घेतलं.

तो एकटाच बॉल मारायला लागला. थंड बॉल होता. आधी नुसता दबका आवाज, ओल्या कापडासारखा. हळूहळू तो तापला आणि आवाज टणक होत गेला. आम्ही दोघं बाहेर बसून होतो.

"अंकल, असं करणं नियमात बसतं?" तिने विचारलं.

"बसतं."

"मग तुम्ही मुद्दाम करताय हे अब्बूंना कसं कळणार होतं?"



बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. शर्ट पाठीला चिकटलेला. माझ्याकडे न बघता त्याने तिला विचारलं, "फॉर्म कितीपर्यंत आहे?"

"सहापर्यंत."

"मग बसलीस का इथं?"

ती उठली नाही. तिला पुढचं ऐकायचं होतं. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, बॉल मुठीत धरून. म्हणाला, "लेस सुटली नव्हती?"

"नाही."

"रेफरी तुला चल म्हणत होता. मीच त्याला म्हणालो, थांबा, बांधू द्या, पाय मुरगळेल त्याचा."

हे मला माहीत होतं. तेव्हा वाकलेल्या अवस्थेत मी ते स्पष्ट ऐकलं होतं. थोड्या वेळापूर्वी त्या दोघांना सगळं सांगताना एवढं मी गाळलं होतं, आणि इथे वर लिहितानाही गाळलं.

"तू म्हणाला होतास," मी म्हणालो. "मी ऐकलं होतं, आणि तरी सावकाश बांधली." माझा पाय हलत होता, मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला. "तू मला भरवशानं सांगितलेलं मी तुझ्यावर चालवलं. तुझं मन कच्चं नव्हतं. तसं तुला वाटू दिलं, आणि इतकी वर्षं वाटत राहू दिलं, कारण त्यावर माझं चालत होतं. माझं चुकलं. मला माफ कर." मग तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "बेटा, हे तुझ्यापर्यंत येऊ दिलं मी. तुझीही माफी मागतो."