शेंगदाण्याच्या तेलावरचं विमान

नळी काही केल्या फ्लँजवर चढत नव्हती, आणि ती का चढत नाही हे माझ्याखेरीज तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

कल्याणच्या तेलगिरणीचे मालक दामूशेठ म्हणत होते, जोर कमी पडतोय. त्यांचा मुकादम बाळाराम म्हणत होता, नळीच खोटी आणलीय. शेठचे जावई वसंतराव काहीच म्हणत नव्हते. एक तर ते जावई होते, आणि दुसरं म्हणजे उद्या दसऱ्याला त्या विमानात बसून उडायचं होतं ते त्यांनाच.

हे विमान कुठल्या कारखान्यातून आलेलं नव्हतं. गिरणीमागच्या गोदामात, पेंडीच्या पोत्यांशेजारी ते जन्माला आलं होतं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणबाहेरच्या धावपट्टीवर लष्कराने टाकलेला माल विकायला निघाला. शहाण्या लोकांनी पत्रे आणि टायर घेतले. दामूशेठनी विमानाचं इंजिन घेतलं, घाण्याला जोडायला म्हणून. जोडलं तेव्हा गिरणीची भिंत तडकली. मग मुंबईच्या फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकलेले वसंतराव म्हणाले, इंजिन आहेच, तर भोवती विमान बांधू. परदेशातून नकाशे मागवले. सांगाडा आंबिवलीच्या सुताराने केला. पत्र्याचं काम हंडे-कळशा घडवणाऱ्या तांबटाने. सरकारी इन्स्पेक्टर येऊन, डोकं खाजवून, परवानगी देऊन गेला. अट एकच: पहिल्या उड्डाणाआधी लायसन्सवाल्या ग्राउंड इंजिनिअरची सही हवी. विमान उडवणारा वेगळा, ते उडण्याजोगं आहे असं लिहून देणारा वेगळा. तो दुसरा म्हणजे मी. मी ठाण्याला राहायचो आणि विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करायचो. दसऱ्याची रजा घरी काढायचं सोडून मी इथे आलेलो, त्यावरून माझ्या शहाणपणाचाही अंदाज यावा.

आता नळीबद्दल. इंजिनाला पेट्रोलइतकीच हवेचीही गरज असते. ती समोरून आत घेऊन, जिथे ती पेट्रोलमध्ये मिसळते त्या कार्ब्युरेटरपर्यंत न्यायला एक लवचीक नळी असते, तिला आम्ही डक्ट म्हणतो. रबर चढवलेलं कापड, आत तारेचं वेटोळं. ही नळी ज्या पत्र्याच्या तोंडावर चढवतात तो फ्लँज. फ्लँज नळीपेक्षा किंचित मोठाच हवा, म्हणजे नळी आवळून बसते. आमच्या तांबटाने सवयीने फ्लँजला कळशीसारखा जाड काठ वळवला होता, म्हणून ती जरा जास्तच आवळून बसणार होती. दोष म्हणावा असं त्यात काही नव्हतं. कासार मापाच्या बांगड्या भरतो तसं जरा बेताने घ्यायचं, एवढंच. पण बांगड्या भरताना कासाराच्या मागे गिरणीचा मालक उभा राहून "हाण, हाण" म्हणत नसतो.

"शेठ, हे सकाळी करू," मी म्हणालो. "गरम पाणी आणि साबण लागेल."

"साबण?" शेठनी तो शब्द जणू घरात कधी ऐकलाच नव्हता. "अहो इंजिनिअरसाहेब, तेलाच्या गिरणीत उभे राहून साबण मागता?"

"तेल अजिबात लावायचं नाही."

"आमच्या घरात दार कुरकुरलं तर तेल, कान दुखला तर तेल, पोर जन्मलं तर तेल. विमानाचंच काय असं वेगळं आहे?"

"साबणाचं पाणी सुकतं, मग रबर पत्र्याला धरून बसतं. तेल सुकत नाही. ज्या वाटेने नळी सुरकन चढते, त्याच वाटेने ती सुरकन उतरते."

शेठनी मान डोलावली. ती मान डोलावणं मी होकार समजलो. त्या दिवशी खंडेनवमी होती, घरी हत्यारांची पूजा राहिली होती. माझे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर पाटावर मांडायला मी ठाण्याला निघून गेलो.

सकाळी धावपट्टीवर पोचलो तर विमान बैलगाडीमागे बांधून आणून ठेवलेलं. पंख्याला झेंडूचा हार, नाकावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि फ्लँजवर नळी. अगदी टोकापर्यंत चढलेली. क्लिप आवळलेली. अशी सुबक की मला घाम फुटला. मी बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"शेंगदाणा," मी म्हणालो.

"पहिल्या घाण्याचं!" बाळाराम अभिमानाने म्हणाला. "शेठनी स्वतः लावला. आवो सायेब, अशी गेली ना नळी आत, तुमी बघाया पायजे होता."

दामूशेठ फेटा बांधून उभे होते. दुपारच्या विजय मुहूर्तावर जावयाशेजारी बसून विमानाने गावाची शीव ओलांडायची, सीमोल्लंघन करायचं, हा बेत त्यांनी साऱ्या बाजारपेठेला सांगून ठेवला होता. लोक बायकापोरांसह आलेलेही होते.

"नळी काढून परत बसवायची," मी म्हणालो. "आज सही होणार नाही."

"मुहूर्त जाईल."

"जाऊ दे."

"अहो, चढली ना? तुमच्याच्याने चढत नव्हती ती आम्ही चढवली, म्हणून रागावलात होय?"

मी वसंतरावांकडे पाहिलं. ते गृहस्थ बूट न्याहाळत होते. सासऱ्याला नाही म्हणण्यापेक्षा पडणं त्यांना सोपं वाटत असावं. तेवढ्यात त्यांची बायको कुसुम, शेठची एकुलती एक मुलगी, गर्दीतून पुढे आली. तिला सातवा महिना होता. तिने बापाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही. तिने मला विचारलं,

"काका, तुम्ही बसाल का ह्यात?"

"अगं, ते इंजिनिअर," शेठ हसले. "ते बसत नसतात, ते सही करतात."

"नाही बसणार," मी तिला सांगितलं. "आणि शेठ, आमच्या वर्कशॉपची एक रीत आहे. ज्याने काम केलं त्याने पहिल्यांदा त्यावर बसायचं. नळी तुम्ही चढवलीत. तुम्ही बसा. पण जमिनीवर. विमान बांधून ठेवू आणि इंजिन पूर्ण चालवू. नळी टिकली तर बोलू."

याला ग्राउंड रन म्हणतात. चाकांपुढे लाकडी ठोकळे, शेपटीला दोर, दोर बैलगाडीच्या जोखडाला. बैल आधीच सोडून दूर नेले. सगळ्या मंडळींत समंजस तेवढे तेच होते, त्यांना त्रास नको. शेठ फेट्यासकट आत बसले आणि लोकांना हात केला. शेजारी बसलेल्या वसंतरावांनी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, हळूहळू पुढे ढकलला.

आधी वास आला. पहिल्या घाण्याचं तेल नळीतून ठिबकून खालच्या तापलेल्या एक्झॉस्टच्या पाइपवर पडत होतं. अख्ख्या धावपट्टीवर भज्यांचा खमंग वास सुटला. गर्दीतली पोरं खाऊ मागायला लागली.

थ्रॉटल पूर्ण उघडला तशी नळी, जशी सुरकन चढली होती, तशी सुरकन उतरली. क्लिप आपल्या जागी, नळी आपल्या वाटेने. इंजिन खोकलं, ताकद पडली, आणि तेलाने माखलेली नळी लाल तापलेल्या पाइपवर जाऊन टेकली. काळा धूर निघाला, त्यात एक पिवळी जीभ दिसली. वसंतरावांनी पेट्रोल आणि स्विच दोन्ही बंद केलं. मी आणि बाळारामने वाळूच्या बादल्या ओतल्या. शेठ कधी उतरले ते कोणीच पाहिलं नाही, पण ते बैलांच्याही पलीकडे उभे होते.

मला हसू आलं नाही. धावपट्टीच्या टोकाला ताडांची रांग होती. हेच त्या झाडांच्या डोक्यावर झालं असतं तर पुढचं सांगायला नको. कुसुम तिथेच खाली मातीत बसली होती आणि वसंतराव तिच्याशेजारी. सासरे पाहत असताना त्यांनी तिचा हात धरला होता. कल्याणात तेव्हा हे उड्डाणापेक्षा मोठं धाडस होतं.

शेठचं सीमोल्लंघन त्या दिवशी चपला घालून पायीच झालं.

संध्याकाळपर्यंत आम्ही काम केलं. जळका पाइप घासला, तारा तपासल्या. तेल प्यायलेली नळी फेकली, शिल्लक तुकड्यातून नवी कापली. फ्लँज पेट्रोलने पुसला. नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं, काठाला साबणाचा फेस लावला. मग जोर न करता, तारेचं वेटोळं ज्या बाजूने उलगडतं त्या बाजूला पीळ देत देत नळी पुढे सरकवली. ती कुरकुरली आणि चढली. साबणाची वडी हातात धरून शेठ उभे होते. दुसरं काम त्यांना मी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साबण सुकल्यावर मी दोन्ही हातांनी नळी ओढून पाहिली. ती हलली नाही. पुन्हा ग्राउंड रन केला. मग सही केली, आणि रीत म्हणून वसंतरावांच्या शेजारी मीच बसलो. आम्ही ताडांवरून गेलो, खाडीवर वळलो आणि परत आलो. उतरल्यावर बाळारामने सांगितलं की कुसुमने एकदाही वर पाहिलं नाही. इंजिन थांबल्यावर तिने फक्त विचारलं, "दोघं आले?"

एकादशी होती. शेठनी उपासाचा चिवडा पुढे केला आणि म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो, नळी बसेल म्हणून?"

"शेठ, शेंगदाण्याचं तेल उपासाला चालतं. इंजिनाला चालत नाही. एवढं लक्षात ठेवा."

त्यांनी कितपत ठेवलं ते मला निघताना कळलं. माझा मेहनताना म्हणून त्यांनी तेलाचा डबा दिला, आणि डब्याचं झाकण सहजी चढत नव्हतं म्हणून त्याला बाळारामकडून थोडं तेल लावून घेतलं. ठाण्यापर्यंत मी ते झाकण हाताने दाबून धरलं होतं.