बारा पुस्तकांचं वर्ष

आमच्या चर्चच्या बायांचं एक वाचन मंडळ होतं. दर जानेवारीत त्याची यादी निघायची: बारा महिने, बारा पुस्तकं. यादी ठरवायच्या पाळकीणबाई, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांची बायको. त्या नगरकडच्या, शिकलेल्या, आणि बायांच्या डोक्यात काहीतरी चांगलं पडावं या एकाच विचारानं पछाडलेल्या. पुस्तकं मिशनच्या कपाटातून यायची, म्हणजे तिथे जी असतील तीच. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं, शहरात पुस्तकांची चांगली दुकानं होती, पण त्या कपाटात नवं काही शिरल्याचं मला आठवत नाही.

मंडळात वीस-बावीस बाया, त्यांतल्या वाचता येणाऱ्या चार. म्हणून एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी रीत होती. जानेवारीच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब वेदीपुढून बाराही पुस्तकांची नावं घेत आणि शेवटी वाचणारीचं. तिनं उभं राहून 'यादी पुरी करीन' एवढं म्हणायचं. झालं, वर्षभर बांधली गेली. लग्नातसुद्धा मुलीला इतकं कमी विचारत नसतील.

त्या वर्षी मी उभी राहिले. एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास. नाव माझ्या मायनं दिलं होतं, मला न विचारता. वडील मी लहान असतानाच गेले. माय मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या धुवायची. त्याआधी, माहेरी, विणकराच्या घरात कांड्या भरण्यात आणि मागावर बसण्यात तिचं लहानपण गेलं होतं. अक्षर एक येत नव्हतं. आपली लेक खुर्चीवर बसून वाचते आणि पाळकीणबाई खाली सतरंजीवर बसून ऐकतात, यापेक्षा मोठं सुख तिला ठाऊक नसावं. ती दर गुरुवारी पहिल्या रांगेत, अगदी माझ्या गुडघ्यांशी बसायची.

यादीबद्दल काय सांगू? पहिलं पुस्तक एका भाविक गृहस्थाचं चरित्र. दुसऱ्याच प्रकरणात त्याला पश्चात्ताप होतो आणि त्यानंतर दीडशे पानं काहीच होत नाही. दुसरं कोंबड्यांची निगा. तिसरं दारूचे दुष्परिणाम, गोष्टीरूपानं. आमच्यात पिणारी एकही नव्हती आणि पिणारे ऐकायला येत नव्हते. चौथ्यात घरच्या स्वच्छतेचे धडे, त्यांत खिडकीच्या काचा कशा चकचकीत ठेवाव्यात यावर अख्खं प्रकरण. आमच्या वस्तीत खिडकीला गोणपाट असे. मग प्रवचनांचे दोन भाग, सातवं प्रार्थनांचं. आणि आठवी होती एक कादंबरी: घोड्यावर बसून डोंगरातल्या गावांना औषध देत फिरणाऱ्या मिशनच्या डॉक्टरणीची. बाकी सगळ्यांनी त्या एका पुस्तकाच्या आशेवर तग धरला होता.

फेब्रुवारीत मला जबलपूरहून पत्र आलं. शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी मी गुपचूप अर्ज केला होता आणि मला जागा मिळाली होती. एक जुलैला हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसरीला जाणार होती. दोन वर्षं बाहेर राहून परत आले असते ती पगारी मास्तरीण होऊन. त्या जागेसाठी मी काहीही करायला तयार होते. मायला ते वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "वेदीपुढं शब्द देला हाय. यादी संपली का जाय."

पाळकसाहेबांकडे गेले, तर तेही हसून तेच म्हणाले. "यादी संपेल त्या दिवशी तू मोकळी."

त्यांना वाटलं डिसेंबर. मी मनात म्हटलं, जून.

मी मंगळवारही मागून घेतला. गुरुवारचं वाचन होतंच, आता आठवड्यातून दोनदा. बायांना तो माझा उत्साह वाटला. पाळकसाहेबांनी एका रविवारी माझं नाव न घेता माझं कौतुकही केलं, आणि मी मान खाली घालून ते गिळलं. पण कितीही भरभर वाचलं तरी जूनअखेर बारा पुस्तकं बसत नव्हती. मग मी पानं गाळायला लागले.

सुरुवात प्रवचनांपासूनच करायची होती, पण हात कोंबड्यांवरच शिवशिवला. रोगांची लक्षणं वाचली, उपायांची सहा पानं सोडली. कोणाच्या लक्षात आलं नाही. मग दारुड्याला दोन मंगळवार आधीच सुधारलं, खिडकीच्या काचा न पुसताच सोडल्या, आणि प्रवचनं तर अशी कापली की दुसऱ्या भागात देवाला बोलायला जागाच उरली नाही. बोट ओलं करायचं, दोन-तीन पानं एकदम उलटायची आणि 'त्यानंतर' म्हणून पुढचं वाक्य उचलायचं. आवाज जरासुद्धा अडखळू द्यायचा नाही. यात मी इतकी तयार झाले की मलाच माझी भीती वाटायची. तरी थांबले नाही. मेच्या मध्यावर सात पुस्तकं हातावेगळी झाली होती.

आणि मग ती डॉक्टरीण आली. दुपारी दोनची वेळ, चर्चमागच्या हॉलला वाळ्याचे पडदे लावलेले, बाहेर ऊन असं की कावळासुद्धा बोलत नव्हता. नववं प्रकरण बावीस पानांचं होतं. मी ते अख्खं गाळलं आणि दहावं वाचायला घेतलं. डॉक्टरीण डोंगर चढत होती, पायांना फोड आले होते.

"थांब वं पोरी," मागून भाजी विकणारी एक मावशी म्हणाली. "हे पायी काहून चालून राहिली? इचा घोडा कुठी गेला?"

घोडा नवव्या प्रकरणात मेला होता. मला एवढंच म्हणायचं होतं की घोडा मेला. मी पुस्तकाकडे बघत राहिले आणि सगळ्या बाया माझ्याकडे.

तेव्हा माझ्या गुडघ्यांशी बसलेली माय बोलली. "हिनं सांगतलं असन मांगं. मलेच डोया लागला होता वं, या गर्मीत."

मग दुसरी म्हणाली, "मले बी लागला असन." तिसरी म्हणाली, "मी तं कोंबड्यायच्या पुस्तकातबी झोपली होती. त्यायचा रोग कसा बरा केला, मले काहीच आठवत नाही." मग सगळ्यांनाच एकेक कबुली सुचायला लागली. कोणाला दारुड्या कधी सुधारला ते कळलं नव्हतं, कोणाला प्रवचनाचा शेवट. ज्या ज्या जागी मी पानं गाळली होती, त्या त्या जागी एकेक बाई आपण झोपलो होतो असं शपथेवर सांगत होती. भाजीवालीनं तर डोळे पुसले.

पाळकीणबाई उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे देवाच्या कामात आपण सगळ्याच झोपलो," त्या म्हणाल्या. "मीही धरून. आपण यादी पहिल्यापासून पुन्हा वाचू." आणि त्यांनी प्रार्थना केली. बाया मनापासून आमेन म्हणाल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पुढच्या मंगळवारी मी त्या भाविक गृहस्थाच्या जन्मापासून पुन्हा सुरुवात केली. बाया आता जय्यत तयारीनं यायच्या. कोणी डोळ्यांना ओलं फडकं लावे, कोणी मिरची चावे. एकीला पंखा देऊन मागे बसवलं होतं. मान खाली गेली की तिनं दांडीनं टोचायचं. इतकं लक्ष देऊन त्या पुस्तकाला जगात कोणी ऐकलं नसेल. आता एक ओळ सोडायची सोय नव्हती.

सुटायला मला एक वाक्य पुरत होतं. तुम्ही झोपला नव्हता, मीच पानं गाळली. पाळकीणबाईंनी मला त्याच क्षणी खुर्चीवरून उठवलं असतं, तोंड काळं झालं असतं, पण मोकळी झाले असते. दर मंगळवारी आणि दर गुरुवारी मी ते वाक्य मनात म्हणत आत शिरायचे आणि तसंच घेऊन बाहेर यायचे. मला लाज वाटत होती आणि त्या बायांचा संताप येत होता, त्यांच्या भोळेपणाचा सगळ्यात जास्त. जुलैची एक तारीख उजाडली तेव्हा मी कोंबड्यांवरचे उपाय वाचत होते, सहाच्या सहा पानं. त्या बायांना मी खरं कधीच सांगितलं नाही.

त्यानंतर आठवडाभरानं आम्ही दोघी दुपारी तांदूळ निवडत बसलो होतो. माझ्या मनात धुमसत होतं ते मायवर निघालं. आपणच अपराधी असलं की माणूस जास्त तोंड सोडतो.

"तुम्ही बाया झोपल्या नसत्या तं मी आज इथं नसती," मी म्हणाले.

मायनं सुपातून हात काढला नाही. "मी नाही झोपली."

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मी तुह्या बोटाइकडेच पाहत होती. वाचता येत नाही मले, पण मागावर बसली हावो मी. एक धागा सुटला तं मले दिसते. तू तं पानंच्या पानं सोडून राहिली होती. कोंबड्यायपासून."

"मंग बोलली काहून नाही? झोपली म्हून काहून सांगतलं?"

"चार बायात तुही इज्जत गेली असती," ती म्हणाली. मग तिनं सूप एकदा पाखडलं. "आन् तू गेली असती. मले वाटलं, तू दिवाळीलोक तरी राहशीन घरी. मंग जाशीन. शाळा कुठी पळून चालली?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती खरंच विचारत होती.

"एक जुलैपर्यंतच जागा होती, माय. गेली ते. पत्रात लिवलं होतं."

"तू वाचलं तवा तं असं काही नव्हतं."

नव्हतं. फेब्रुवारीत पत्र वाचून दाखवताना ती ओळ मी गाळली होती. दिवस इतके थोडे आहेत हे कळलं तर ती तेव्हाच नाही म्हणेल, अशी मला भीती वाटली होती. त्या दिवशी तिचे हात पाण्यात होते, ती माझ्याकडे बघत नव्हती.

माय उठली. कपड्यांच्या पेटीतून तिनं ते पत्र काढून आणलं. ते तिनं जपून ठेवलं होतं हेही मला माहीत नव्हतं. माझ्यापुढे धरून म्हणाली, "वाच. सगळं वाच."

मी वरच्या छापील पत्त्यापासून वाचायला लागले. त्या ओळीपाशी आल्यावर माझं बोट थांबलं. ती माझ्या बोटाकडे बघत म्हणाली, "थांबू नको."