थुंकीनं पुसलेलं बाळ

त्या दिवशी सकाळी मी पावाला ठेचा लावून खाल्ला आणि घोळ तिथंच झाला. आईनं न्हावऱ्याहून निघताना बरणी भरून दिला होता. इटलीतलं सपक खाऊन जीव विटलेला, मग कोण सोडतंय!

मी तिथं जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकते. गावात हे अजून कुणाच्या नीट पचनी पडलेलं नाही. चुलते सगळ्यांना सांगत सुटतात, पोरगी पेंटर झाली, आली की घर रंगवून घेऊ.

आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हाताऱ्या, पण नजर घारीची. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी माझ्याकडं एक चित्र दिलं होतं. एक आई आणि तिच्या मांडीवर बाळ, म्हणजे तिकडचा देवच. चर्चमधल्या मेणबत्त्यांच्या धुरानं बाळाचा गाल काळाकुट्ट पडलेला. माझी वर्षाची परीक्षा याच चित्रावर होती आणि त्या दिवशी साफ करायला सुरुवात करायची होती. औषधानं रंग सुटत होता, पाण्यानं काजळी हलत नव्हती. बाई सहज म्हणाल्या, मग थुंकी लाव. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा. त्यांच्याकडं पूर्वीपासून असंच करतात म्हणे.

माझा हातच उचलेना. आमच्या घरी नैवेद्याच्या आमटीत मीठ पडलंय का, एवढंसुद्धा कुणी चाखून बघत नाही. अळणी झाली तर झाली, देव मुकाट्यानं खातो. आणि मी देवाच्या गालाला उष्टं लावू? देव त्यांचा असला म्हणून काय झालं? पण हे बाईंना सांगायची लाज वाटली, म्हणून तोंडाला आलं ते सांगून टाकलं, की सकाळी मिरची खाल्लीय. बाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, चूळ भर, तीन वाजेपर्यंत काही खाऊ नको आणि मग बस. तेव्हाही जमलं नाही तर चित्र दुसऱ्या मुलीकडं देईन. हे मात्र त्या हसत म्हणाल्या नाहीत.

दोन महिने मी रोज त्या बाळाचं तोंड बघत होते. ते दुसरीच्या हाती जाणार म्हटल्यावर मला चक्क रडू आलं. जेवणाच्या सुट्टीत आईला फोन लावला. तिकडं धारा काढायची वेळ झालेली. फोन खांद्यात दाबून ती म्हशीखाली बसलेली, बादलीत धार वाजत होती. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता माझी चांगली खरडपट्टी निघणार. तिनं बादली बाजूला सरकवली. मग म्हणाली,

"शिरूरच्या बाजाराला जाताना यष्टीत तुझं तोंड कशानं पुसायची मी?"

पदराच्या टोकानं, थुंकी लावून. मी कितीही ओरडले तरी हनुवटी घट्ट धरून पुसायची.

"त्ये बी लेकरूच हाय न्हवं? मग आईनं पुसल्यावाणी पूस. आन् उपाशी हायस, तर उपास धरला म्हण."

तीन वाजता पुन्हा चूळ भरली आणि बूट दाराशीच काढले. बाईंनी माझ्या मोज्यांकडं बघितलं आणि कापूस पुढं सरकवला. पहिली काडी काळी झाली, दुसरीही काळी. पाचव्या काडीला खालून गुलाबी गाल निघाला. खरं सांगते, व्हिसा मिळाला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. बाईंनी भिंगातून बघितलं आणि चित्र माझ्याकडंच राहील म्हणाल्या.

मी फुशारकीनं आईला फोटो पाठवला. लगेच तिचा फोन आला. कौतुक वगैरे राहिलं बाजूलाच.

"कानामागं मळ तसाच हाय की गं."

मी फोटो मोठा करून बघितला. होता. दुसऱ्या दिवशी परत उपाशी गेले.