आयच्या वेळचा चिखल

आज प्रयोगशाळेत खाडीच्या तळात खोल ठोकून काढलेली गाळाची नळी उघडली आणि सडक्या अंड्यांचा तो वास नाकात शिरला. त्यासरशी घिवली गावाजवळची एक जुनी ओहोटी आठवली.

चिखलातल्या शिवल्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला आलेली जनाबाय रिकामी टोपली घेऊन माझ्यापाशी थांबली होती. नळीतला वरचा काळा, तेलकट थर मी तिला दाखवला. म्हटलं, हा कारखाने आल्यानंतरचा. खालचा राखाडी थर त्याआधीचा, स्वच्छ.

तिने तो बोटाने चाचपला, हुंगला. "म्हंजे यो माज्या आयच्या येळचा. मंग तोच वर काडून द्या ना. शिवल्या येतील."

मी नळीला बूच लावलं.

आजची नळी त्याच जागेवरची आहे आणि टोकापर्यंत काळी आहे. जनाबायच्या आईचा चिखल आता आमच्या नळीलाही लागत नाही.