शेवटच्या नळाची बाटली

नमुने घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या टेबलावर दोन बाटल्या होत्या. एकीतलं पाणी पिवळसर राहिलं होतं. दुसरीतलं काळं झालं होतं.

या तपासणीला यंत्र लागत नाही. बाटलीत आधीच औषध असतं. पाणी भरायचं, झाकण लावायचं, एक ते दोन दिवस उबेत ठेवायचं. पाणी काळं झालं तर त्यात मैल्यातले जंतू असण्याची दाट शक्यता. ते पाणी पिण्याचं नाही.

पिवळसर बाटली ग्रामपंचायतीसमोरच्या नळाची होती. काळी शोभाताईंच्या दारातल्या नळाची. त्यांचं घर बौद्धवस्तीत, पाइपलाइनच्या अगदी टोकाला. त्यांची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आलेली, नववा महिना लागलेला. गल्लीत दोघांना कावीळ झालेली होती. गरोदर बाईला कावीळ जिवावर बेतू शकते.

"आता पोरीला कोणतं पाणी देऊ?" शोभाताईंनी विचारलं.

"उकळून गार केलेलं. दुसरं कोणतंच नको," मी म्हणालो.

मी बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. उसाचं गाळप बंद असताना लॅबला काम कमी असतं. त्या काळात स्टाफने महिन्यातून एक शनिवार गावांना द्यायचा, असं मॅनेजमेंटने ठरवलं होतं. आमच्याकडे पाणीतपासणी आली. दिंद्रुडच्या बाजाराला जाणारं हे गाव वाट्याला आलं. आधीच्या चार फेऱ्यांचे चारही रिपोर्ट चांगले होते.

ते चांगले का होते, हे पाचव्या फेरीत कळलं. गाडी ग्रामपंचायतीसमोर थांबायची. शाल, नारळ, फोटो, चहा. चहा होईपर्यंत कोणीतरी समोरच्या नळाची बाटली भरून घ्यायचं. तो नळ टाकीला सगळ्यात जवळचा. चारही नमुने त्याचेच होते. आम्ही गावाचं नव्हे, सत्काराच्या जागेचं पाणी तपासत होतो.

पाचव्या फेरीत चहा द्यायला शोभाताई होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "साहेब, आमच्या नळाला कवा येता? का तिकडं चहा मिळत न्हाई म्हून येत न्हाई?"

सगळे हसले. मग बाटली घेऊन मी त्यांच्यामागे गेलो.

काळी बाटली पाहून सरपंच भागवतराव तडकले. "तुमीच तर लिहून देलतं पाणी साफ हाय म्हून. चार कागद भिंतीला लावलेत. आता कावून काळं झालं?"

"भिंतीवरचे कागद या समोरच्या नळाचे आहेत. टोकाचा नळ आम्ही पाहिलाच नव्हता. चूक आमची आहे."

भागवतराव चपला घालून आमच्याबरोबर निघाले.

टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, रोज पडत होती. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर दुसऱ्या एका औषधाच्या थेंबांनी ते पिवळं होतं. पहिल्या नळाला रंग आला. टोकाच्या नळाला आला नाही. म्हणजे वाटेत काहीतरी मिसळत होतं. लाइनच्या कडेने चालत गेलो. वस्तीच्या अलीकडे व्हॉल्व्हचा खड्डा गटाराच्या पाण्याने भरलेला होता. जॉइंट गळका. पाणी सुरू असताना तिथून बाहेर गळायचं. पाणी बंद झालं की रिकामा पाइप गटाराचं पाणी आत ओढायचा.

भागवतराव खड्ड्याच्या काठावर वाकले. "हितून मी रोज जातो बे," ते सोबतच्या सदस्याला म्हणाले. दुपारी खोदकाम सुरू झालं.

माझी अडचण वेगळी होती. आठ दिवसांत बॉयलर पेटणार होता. गाळप सुरू झालं की लॅब तीन शिफ्टमध्ये चालते, थेट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. चीफ केमिस्टना विचारलं, "सीझनमध्ये शनिवारी दोन तास मिळतील का?"

"नाही."

"मग तिथलं कोण बघणार?"

"बाटलीत पाणी भरायला केमिस्ट कशाला लागतो?"

मी गावात परत जाऊन ग्रामसेवकांना कपाट उघडायला लावलं. आत पाणीतपासणीची सरकारी किट होती, सील न तोडलेली. रजिस्टरमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या पाच बायांच्या सह्या होत्या. तिसरी सही शोभाताईंची.

"प्रशिक्षण झालं होतं?" मी शोभाताईंना विचारलं.

"झालतं की. मग किट कुलपात गेली. तुमी गाडीतून यायला लागले. आमाला कोण इचारतंय?"

उरलेला वेळ तपासण्यात घालवला नाही, शिकवण्यात घालवला. शोभाताई एकदा पाहून शिकल्या. मासिक सभेत ठराव झाला: दर सोमवारी बाटली भरायची, पहिली टोकाच्या नळाची. निकाल फळ्यावर लिहायचा, वाईट असला तरी. किटची किल्ली शोभाताईंकडे. शेवटच्या मुद्द्यावर थोडी कुरकुर झाली. भागवतरावांनीच ती मिटवली.

जॉइंट बदलला, खड्डा बांधून घेतला, लाइन धुतली. नवी बाटली भरली त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो. दोन दिवस थांबणं भाग होतं. तिसऱ्या दिवशी, उसाच्या रसाचे नमुने लावत असताना फोनवर फोटो आला. बाटली पिवळसर होती. खाली एकच ओळ: "काळी झाली न्हाई." मी स्टुलावर बसलो. चीफनी कारण विचारलं. फोटो दाखवला. माझ्या हातातला नमुना त्यांनी स्वतः लावला.

पंधरा दिवसांनी शोभाताईंच्या मुलीचं बाळंतपण सुखरूप झालं. आई आणि बाळ दोघंही ठणठणीत.

सीझनभर दर आठवड्याला फोटो येत राहिला. फेब्रुवारीत एकदा बाटली पुन्हा काळी झाली. मी घाईने फोन लावला. शोभाताई म्हणाल्या, "कालच वस्तीत सांगितलं उकळून प्या म्हून. सरपंचाला उठवून खड्ड्यावर उभं केलंय. तुमी तुमची साखर बघा."

गाळप संपल्यावर शनिवारच्या फेरीची तारीख कळवली. त्यांचं उत्तर आलं: "यायचं तर या. नसंल जमत तर बाटल्या तेवढ्या पाठवा."

बाटल्या पाठवल्या. त्या शनिवारी आम्ही दुसऱ्या गावात गेलो. उतरल्या उतरल्या पाइपलाइन कुठे संपते ते विचारलं. चहा नंतर घेतला.